‘कनेक्शन एरर’ची पाटी आणि नदीकाठची मोटार

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की ‘कसं काय’च्या आधी ‘आयर्विनला किती झालं?’ हा प्रश्न येतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण नदीकाठी ज्यांच्या पाण्याच्या मोटारी आहेत त्यांचा हिशेब वेगळा. मोटार ४० फुटांची वाट बघत नाही. कोयनेतून विसर्ग वाढल्याचं कळलं, पाणी चढायला लागलं, की ती वर ओढून घ्यायची.

गेल्या पावसाळ्यात हरिपूरच्या आमच्या काकांची मोटार खालीच राहिली. पाणी संस्थेनं आपल्या सभासदांसाठी एक छोटं निरोपाचं अ‍ॅप घेतलंय. त्यावर रात्री नऊ वाजता निरोप पडला होता : ‘पाणी वाढत आहे, मोटारी वर घ्या.’ काकांनी तो वाचला सकाळी साडेसहाला, अ‍ॅप उघडल्यावर. तोवर मोटारीवरून पाणी गेलं होतं. रिवाइंडिंगचा खर्च झाला, काकूंची बोलणी झाली, आणि मग फोन माझ्या हातात आला. ‘तू कंप्युटरवाला न्हवं? बघ की ह्याला काय झालंय.’

झालं होतं ते असं. त्या अ‍ॅपची एक पाटी दिवसभर फोनच्या वरच्या पट्टीत टांगलेली असायची. कधी ‘जोडलेले आहे’, कधी ‘कनेक्शन एरर, पुन्हा प्रयत्न करत आहे’. पावसाळा लागला तशी दुसरीच जास्त दिसायला लागली. माझ्या चुलतभावानं वैतागून ती बंद केली. बंद करताना त्या अ‍ॅपच्या सगळ्याच सूचना बंद झाल्या, मोटारीच्या निरोपासकट. वर आणखी ‘बॅटरी खातंय’ म्हणून अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमध्येही टाकलं. म्हणजे गुन्हेगार सोडून फिर्यादीलाच आत टाकलं.

ती पाटी खोटं बोलत नव्हती. उलट त्या फोनवर सगळ्यात खरं बोलणारी तीच होती. असं का म्हणतो, ते कळायला आधी निरोप फोनपर्यंत येतो कसा हे बघावं लागेल.

आपल्याला वाटतं, कुणी निरोप टाकला की अ‍ॅपचा सर्व्हर, म्हणजे अ‍ॅपवाल्यांचा तिकडचा कंप्युटर, आपल्या फोनला ‘लावतो’. तसं होत नाही. मोबाइल नेटवर्कच्या आत बसलेल्या फोनला बाहेरून सहसा थेट गाठता येत नाही. म्हणून फोनच आधी सर्व्हरला लावतो आणि मग रिसीव्हर खाली ठेवतच नाही. कुणी बोलत नसलं तरी लाइन चालू. निरोप आला की त्याच लाइनवरून सर्व्हर तो पुढे ढकलतो. ही उघडी ठेवलेली लाइन म्हणजे कनेक्शन, आणि ती तुटली की ‘एरर’.

आता प्रत्येक अ‍ॅपनं आपापली लाइन उघडी ठेवली तर फोनची बॅटरी दुपारपर्यंत संपेल. म्हणून एक सामाईक सोय आहे. ज्यांनी नव्वदीच्या आधीची गावं पाहिलीत त्यांना पीपी नंबर आठवत असेल. गल्लीत फोन एकाच घरी. तिथं फोन आला की त्या घरचं पोरगं येऊन सांगायचं, ‘काकू, तुमचा फोन आलाय, दहा मिनिटांनी परत करतायत.’ अँड्रॉइड फोनमध्ये गूगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग नावाची सेवा नेमकं हेच काम करते. फोनमध्ये तिची एकच लाइन कायम उघडी असते आणि ती वेगवेगळ्या अ‍ॅपना हाक मारते, ‘उठा, तुमचा निरोप आलाय.’ आयफोनमध्ये अ‍ॅपलची अशीच सेवा २००९ पासून आहे. मोठी अ‍ॅप्स या पीपी नंबराचा भरपूर उपयोग करतात, म्हणून त्यांची कायमची पाटी आपल्याला सहसा दिसत नाही.

काही अ‍ॅप्स मात्र स्वतःची लाइन टाकतात. कुणाला गूगलवर अवलंबून राहायचं नसतं, कुणी ते अ‍ॅप घाईत बांधलेलं असतं. संस्थेचं अ‍ॅप बहुधा दुसऱ्या जातीतलं. अशा अ‍ॅपला मागे सतत जागं राहावं लागतं. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून मागच्या बाजूला गुपचूप चालत राहण्यावर कडक बंधनं आली. चालत राहायचं असेल तर मालकाला दिसेल अशी पाटी वर लावा, हा नियम. तुम्ही चिडता ती पाटी अ‍ॅपनं हौसेनं लावलेली नसते. अँड्रॉइडनं लावायला लावलेली असते. तुमच्या फोनमध्ये कोण जागं आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. नियम चांगला आहे असं माझं मत. अँड्रॉइड १३ पासून ती बोटानं बाजूला सारता येते, अ‍ॅप मागे चालूच राहतं.

मग लाइन तुटते कुठे? रेंज गेली की तुटते, ते कुणालाही कळतं. घरच्या वाय-फायवरून शेतात गेलं, फोन मोबाइल डेटावर आला, की फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर उघडलेली लाइन निकामी होते, हेही समजण्यासारखं. (नव्या पद्धतीच्या काही जोडण्या पत्ता बदलला तरी टिकतात, पण सगळ्या अ‍ॅपनी ती पद्धत घेतलेली नाही.) गंमत आहे ती तिसऱ्या प्रकारात. रेंज पूर्ण, फोन जागचा हललेला नाही, तरी लाइन मेलेली. आणि मेल्याचं कुणालाच माहीत नाही.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपासच आहेत. जगातल्या फोनना ते पुरत नाहीत. म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांमागे एक बाहेरचा पत्ता वापरतात. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. वाड्याचा पत्ता एक, आत चाळीस बिऱ्हाडं, दारात एक वॉचमन. आतून कुणी पत्र टाकलं की वॉचमन वहीत लिहितो, ‘अमक्याला पत्र गेलंय, उत्तर आलं तर खोली नंबर सतरा.’ उत्तर येतं, वही बघून सतराला पोचतं. पण वही मर्यादित. बरेच दिवस सतराचं काही आलं-गेलं नाही तर वॉचमन ती ओळ खोडतो. सतरावाल्याला सांगत नाही, पत्र लिहिणाऱ्यालाही सांगत नाही. पुढचं पत्र आलं की, ‘कोण सतरा? माहीत नाही,’ म्हणून ते कचऱ्यात.

अशी नोंद किमान २ तास ४ मिनिटं तरी ठेवावी, अशी शिफारस इंटरनेटच्या तांत्रिक नियमांत २००८ पासून आहे. प्रत्यक्षात अनेक नेटवर्क ती त्याच्या बरीच आधी खोडतात. तेव्हा फोनला वाटतं लाइन चालू आहे, सर्व्हरला वाटतं चालू आहे, पाटीवर लिहिलेलं असतं ‘जोडलेले आहे’, आणि निरोप मात्र वाटेत हरवलेला. मला विचाराल तर खरी भीती या पाटीची. ‘एरर’ म्हणणारं अ‍ॅप निदान शुद्धीवर असतं.

यावर उपाय म्हणून अ‍ॅप ठरावीक वेळानं सर्व्हरला उगाच हाक मारतं : ‘आहेस का?’ तिकडून येतं : ‘आहे.’ याला हार्टबीट म्हणतात. हाक गेली की वॉचमनच्या वहीत नोंद ताजी होते, आणि उत्तर आलं नाही तर लाइन मेल्याचं निदान कळतं. मग दर मिनिटाला का हाक मारत नाहीत? कारण चार अक्षरं पाठवायला फोनचा रेडिओ जागा होतो आणि काम झाल्यावर लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो. दिवसात हजारदा असं केलं तर बॅटरी संपते, आणि मग आमच्या चुलतभावासारखा कुणीतरी अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमध्ये टाकतो. म्हणजे हाक उशिरा मारली तर लाइन मरते, घाईनं मारली तर मालक मारतो. निरोपाचं अ‍ॅप बांधणाऱ्यांचा निम्मा जन्म या एका आकड्यात जातो.

काकांचा निरोप रात्रीच हरवण्यालाही कारण आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोनला ‘डोझ’ नावाची डुलकी आली. फोन टेबलावर पडून आहे, स्क्रीन बंद आहे, चार्जिंगला नाही, असा काही वेळ गेला की अँड्रॉइड बहुतेक अ‍ॅपचं इंटरनेट बंद करतो. मधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडतो, साचलेलं काम करू देतो, परत बंद. रात्र वाढेल तसं या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. पीपी नंबरवरून तातडीची हाक आली तर अ‍ॅपला उठू देतात, पण स्वतःची लाइन टाकणाऱ्याला ती सवलत नाही. त्यानं मालकाकडून वेगळी परवानगी घ्यायची. शिवाय काही कंपन्यांच्या फोनमध्ये अँड्रॉइडच्या वर त्यांचा स्वतःचा बॅटरी वाचवणारा पहारेकरी बसवलेला असतो आणि तो अँड्रॉइडपेक्षा कडक असतो. तो झोपवत नाही, गळाच दाबतो.

एक सोपी चाचणी आहे. दोन रात्री फोन चार्जिंगला लावून झोपा, दोन रात्री नुसता ठेवा. चार्जिंगच्या रात्री निरोप वेळेवर आणि एरवी सकाळी एकदम सगळे, असं झालं तर दोष नेटवर्कचा नाही, झोपेचा आहे. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचं. ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण दिसलं तर तेही चालू करायचं. आणि हे एकाच, फार तर दोन अ‍ॅपना द्यायचं. सगळ्यांना दिलं की परत दुपारी बॅटरी गेली.

रेंज परत येऊनही पाटी लगेच का जात नाही, हा काकांचा रास्त प्रश्न होता. त्यांना मी डीपीचं, म्हणजे शेतातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं, उदाहरण दिलं. शेतात लाइट येते तेव्हा सगळ्यांचे ऑटो स्विच एकाच क्षणी मोटार चालू करतात. सगळ्या मोटारी एकदम ओढ घेतात आणि डीपीवर फ्यूज उडतो. शहाणा शेतकरी ऑटोला दोन-चार मिनिटांचा उशीर लावून ठेवतो, शेजारी वेगळा उशीर लावतो, डीपी टिकतो. निरोपाच्या सर्व्हरचंही तेच. तो बंद पडून परत उठला की लाखो फोन एकदम तुटून पडले तर तो पुन्हा झोपेल. म्हणून फोन आधी एक सेकंदानं प्रयत्न करतो, मग दोन, चार, आठ, सोळा असं अंतर दुप्पट करत जातो, एका मर्यादेपर्यंत. आणि त्यात मनानंच थोडा वेळ कमी-जास्त करतो, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला येत नाहीत. तासभर रेंज नसेल तर फोन त्या मर्यादेला पोचलेला असतो. रेंज आली तरी त्याची पुढची पाळी काही मिनिटांनी असू शकते. चांगलं अ‍ॅप नेटवर्क आल्याची चाहूल लागताच मोजणी पहिल्यापासून सुरू करतं. सगळी तशी नसतात. म्हणून फ्लाइट मोड चालू-बंद करण्याचा जो तोडगा सगळे सांगतात, तो अंधश्रद्धा नाही. त्यानं फोन टॉवरशी नव्यानं जोडला जातो, बहुतेकदा नवा पत्ता घेतो आणि बहुतेक अ‍ॅप लगेच नव्यानं लावतात. तरीही दर दहा मिनिटांनी हे करावं लागत असेल तर रोग दुसरीकडे आहे.

तो शोधायला मी काकांच्या ओसरीवर बसून जे केलं ते सांगतो. पहिल्यांदा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघितलं. एरर गेली. म्हणजे अ‍ॅप ठीक, सर्व्हर ठीक, खोट घरच्या वाय-फायमध्ये. आमच्याकडे पावसात लाइट जाते. राउटर इन्व्हर्टरवर असतो, म्हणून वाय-फायच्या काड्या पूर्ण दिसतात. पण केबलवाल्याचं चौकातलं यंत्र बंद पडलेलं असतं. फोन राउटरला घट्ट धरून बसलेला आणि राउटरच्या पुढं काळोख. काड्या फोनपासून राउटरपर्यंतचीच गोष्ट सांगतात, पुढची नाही. अँड्रॉइड अशा वेळी वाय-फायच्या चिन्हाशेजारी बारीक उद्गारचिन्ह दाखवतो. ते बघायची सवय लावा. लॉजवर, दवाखान्यात, एसटी स्टँडवरच्या फुकट वाय-फायवर आधी नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, तो दिला नाही तरी हेच होतं.

वाय-फाय बंद करूनही एरर राहिली असती तर दुसरं एखादं अ‍ॅप उघडून पाहिलं असतं. सगळीच बंद तर फोन किंवा रिचार्ज. दिवसाचा डेटा संपला की वेग इतका उतरतो की लाइन जोडायच्या आतच अ‍ॅप कंटाळतं. एकच बंद तर त्या अ‍ॅपची परवानगी, डेटा सेव्हर, कधीतरी सिनेमा बघायला टाकलेला आणि विसरलेला व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्याच वाटेनं फिरवणारं अ‍ॅप), नाहीतर ‘प्रायव्हेट डीएनएस’च्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता कुणाला विचारायचा, त्या सेटिंगच्या) रकान्यात कुणीतरी जाहिराती घालवायला लिहिलेला पत्ता.

फोनची तारीख बघायला मात्र विसरू नका. बॅटरी पूर्ण मेल्यावर काही जुने फोन भलत्याच वर्षात जागे होतात. सर्व्हर आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. फोनला २०१५ साल वाटत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीनं अजून जन्मलेलंच नसतं. तो जोडायला नकार देतो, आणि बरोबरच करतो. पाटीवर मात्र तेच कोरडं ‘कनेक्शन एरर’. तारीख ‘ऑटोमॅटिक’ केली की मिटतं.

आणि कधी कधी खरोखरच तिकडं बंद असतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप जगभर जवळपास सहा तास बंद होतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला भर दुपारी पुन्हा सुमारे दोन तास. दिवाळी चालू होती आणि त्याच संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं, त्यामुळे ग्रहणाला फुकटचं एक पाप चिकटायची सोय झाली. अशा वेळी करायचं ते एवढंच : काही करायचं नाही. शेजाऱ्याचं, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचं तेच अ‍ॅप बंद असेल तर फोन खिशात ठेवून चहा घ्यायचा. ‘अ‍ॅप काढा आणि परत टाका’ हा बाजारात सर्रास मिळणारा सल्ला ऐकून लोक बॅकअप न घेताच अ‍ॅप काढतात आणि लेकीच्या लग्नाचे फोटो घालवून बसतात. ‘क्लिअर कॅश’ केलं तर चालतं. ‘क्लिअर डेटा’ला हात लावू नका.

पाटी डोळ्यांना खुपत असेल तर ती घालवायचा सभ्य मार्ग आहे. अँड्रॉइड ८ पासून एका अ‍ॅपच्या सूचनांचे वेगवेगळे कप्पे असतात. पाटीवर बोट दाबून धरलं की कळतं ती कोणत्या कप्प्यातली. ‘कनेक्शन’, ‘सर्व्हिस’, ‘स्टेटस’ असलं नाव असलेला कप्पा गप्प करायचा. निरोपांचा कप्पा आवाजासकट चालू ठेवायचा. चुलतभावानं हेच करायला हवं होतं. पण संस्थेच्या अ‍ॅपमध्ये कप्पा एकच होता, सगळं त्यातच. म्हणून त्याला मी फारसं बोललो नाही. पहिली चूक बांधणाऱ्याची.

बांधणाऱ्यांशी माझं भांडण आहेच, तर तेही काढतो. लाइन तुटली की त्याच सेकंदाला ‘एरर’ ओरडायचं काही कारण नसतं. लिफ्टमध्ये शिरलं, बोगद्यातून गेलं, की लाइन तुटते आणि परत जोडली जाते. थोडं थांबा, मग सांगा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला टुंग करू नका. आणि ‘एरर’ म्हणजे काय ते चार शब्दांत लिहा : ‘इंटरनेट नाही’, ‘आमचा सर्व्हर बंद आहे’, ‘फोनची तारीख तपासा’, ‘बॅटरी सेव्हरनं थांबवलं आहे’. अ‍ॅपला यातलं बरंचसं माहीत असतं. शेवटचा निरोप किती वाजता मिळाला ते पाटीवर लिहिलं तर काकांसारख्या माणसाला एका नजरेत कळेल की आपण नऊ तास अंधारात आहोत.

काकांच्या फोनवर मी बॅटरीची परवानगी दिली, सूचना चालू केल्या, बंगल्यातल्या वाय-फायऐवजी पावसाळ्यात मोबाइल डेटावरच राहायला सांगितलं. संस्थेच्या सचिवांना जाऊन म्हणालो, मोटारीचा निरोप अ‍ॅपवर टाका, पण एसएमएसही करा. एसएमएसला डेटा लागत नाही, आणि फोन बंद असला तरी नेटवर्क तो काही काळ सांभाळून ठेवतं.

या वर्षी जूनच्या शेवटी रात्री साडेदहाला काकांचा फोन. ‘आरं, ती पाटी परत आलीया बघ.’

‘वाय-फायवर हाय का?’

‘हाय. पोरानं क्रिकेट बघायला लावलंय.’

‘बंद करा.’

थोडा वेळ पावसाचा आवाज. मग, ‘गेली. आता जोडलेलं हाय म्हणतंय.’

‘काही निरोप आलाय का?’

‘आलाय की. पाणी वाढतंय, मोटारी वर घ्या.’

‘मग निघा की काका!’

‘कुठं निघू? संध्याकाळीच घेतली वर. संस्थेचा शिपाई सायकलवरून सांगून गेलता.’